गळ, जाळं आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धान निघाल्यापासून आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर फेकजाळं टाकतो. पावसाळ्यात रोहू, मृगळ हमखास लागायचे. आता पहाटे पाचला जाऊनही बेशरमच्या झुडपाच्या काड्याच हाती येतात. जाळं जुनं झालं का? (अर्जुनी मोरगाव तालुका)

जाळं नाही, वेळ चुकते आहे. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की रोहू-मृगळ खाणं कमी करतात आणि काठ सोडून खोलात बसतात. त्यात शेवाळ-वनस्पतींच्या तलावात पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो उजाडायच्या आधी. म्हणजे तुम्ही जाता तेव्हा मासोळी सुस्त आणि काठापासून लांब. या दिवसांत अकरा ते चार हीच वेळ धरा. उन्हाने उथळ पाणी आधी तापतं, मासोळी तिकडे सरकते.

दुसरं म्हणजे गाळ खाली बसल्याने हिवाळ्यात पाणी नितळ होतं. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिलात तर तुमची सावली जाळ्याच्या आधी पाण्यात पडते. तोंड उन्हाकडे करून उभे राहा, डोळ्यांवर थोडी तिरीप आली तरी चालेल.

आठ-नऊ फुटी जाळं असेल तर पाच-सहा फुटांपेक्षा खोल पाण्यात टाकू नका. खोल पाण्यात शिशाच्या कड्या तळाला लागेपर्यंत जाळ्याचं तोंड मिटत येतं. शिवाय मृगळ तळाशी चरणारा, तो खालूनच निघून जातो. जाळं पडलं की दहापर्यंत मोजा, कड्या बसू द्या, मग दोरी हळूहळू ओढा. कड्या तळावर घासत एकत्र आल्या पाहिजेत. घाईने वर उचललंत तर गाळ आणि कड्यांमध्ये फट पडते आणि मासोळी तिथूनच निसटते. रिकाम्या जाळ्याचं निम्मं कारण हेच असतं.

जागा तयार करायची असेल तर दोन भाग तांदळाचा कोंडा आणि एक भाग भाजलेली जवसाची ढेप (पेंड) भिजवून लिंबाएवढे गोळे करा. रोज दुपारी एकाच ठिकाणी दहा-बारा टाका. तिसऱ्या दिवशी जाळं टाका. ढेप भाजायची ती वासासाठी, पण करपू देऊ नका. आणि हो, तलावाचा ठेका मत्स्य सहकारी संस्थेकडे असेल तर आधी संस्थेला विचारा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, त्यांनी पैसे मोजून सोडलेली असते.

प्रश्न : बोडीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) मरळ आहे. जिवंत बेडकी लावतो, तो ओढतोही, पण दर वेळी गळ मोकळा येतो. (मूल)

झटका लवकर देता. मरळ आधी बेडकी ओठात धरून चार हात पळतो आणि मग थांबून गिळतो. पहिल्या ओढीला दोरी सैल सोडा. ती थांबली, पुन्हा चालू लागली, की ताण घ्या. थंडीत हे थांबणं लांबतं, तेव्हा जरा धीर धरा.

तरीही सुटत असेल तर गळ तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पुढे सरकवा. नखावर पांढरा ओरखडा काढून अडकला तर ठीक. घसरला तर तो मरळाच्या तोंडातही घसरणार, कारण त्याचा जबडा हाडाळ असतो. बारीक कानशीने टोक तीन बाजूंनी घासा, नाहीतर गळ बदला. दीड-दोन किलोच्या मरळाला १/० ते ३/० नंबरचा गळ पुरतो. तंगूस (नायलॉनचा दोरा) ०.४० ते ०.५० मिलिमीटर घ्या. पातळ तंगूस बेशरमच्या बुंध्याला एकदा घासला की गेला. गाठ आवळण्यापूर्वी थुंकी लावून ओली करा. कोरड्या गाठीत तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर पडतो. गाठीत किमान पाच वेढे हवेत.

मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येतो, तेव्हा बसल्या जागी गळ टाकण्यापेक्षा दहा मिनिटं पाणी बघा. वर्तुळ उठलं की त्याच्या दोन हात पलीकडे टाकून हळूहळू जवळ आणा. वर्तुळाच्या डोक्यावर टाकलात तर तो दबतो. पावसाळ्यात मात्र लालसर पिलांचा घोळका पृष्ठभागावर फिरताना दिसला तर तिथे गळ टाकू नये. राखण करणारे आईबाप धाडकन गळ घेतात, हे खरं. पण ते गेले की पिलं इतर मासोळ्यांच्या तोंडी जातात आणि बोडी दोन वर्षं रिकामी राहते.

प्रश्न : जानेवारीत दाभोळकडे पाहुण्यांकडे जाणार आहोत. इथलाच गळ-दोरा खाडीत चालेल का? गेल्या वेळी दिवसभरात फक्त खेकड्यांनी आमिष खाल्लं. (पवनी)

वैनगंगेत गोसीखुर्द धरणाच्या दारांकडे पाहता ना, तसं तिथे चंद्राकडे पाहायचं. खाडीतली मासोळी वाहत्या पाण्यात चरते, त्यामुळे दिवसभर बसून उपयोग नाही. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा एक तास, एवढाच कामाचा. पाणी थोपलेलं असताना गळ पाण्यात ठेवून चहा प्यावा.

वेळ काढायचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. ही पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हिशेब तोच. ठिकाणाप्रमाणे तासभर मागेपुढे होतं, म्हणून पाहुण्यांना विचाराच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, ओढ मंद. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत.

तलावातलं २० ग्रॅमचं शिसं ओढीत टिकत नाही, ६० ते १०० ग्रॅमचं न्या. तरंगी इथेच ठेवा. शिसं दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या फूटभर वर, आखूड फांदीवर बांधा. आमिष तळावर लोळलं नाही की खेकडे कमी त्रास देतात. तरी दर दहा मिनिटांनी बघाच. जिवंत कोळंबी लावताना गळ शेपटीतून घाला. डोक्यातला काळसर ठिपका टोचला तर ती लगेच मरते. खाडीत जिताडा मासाही लागतो, त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, म्हणून शेवटचा दीड फूट ०.७० मिलिमीटरचा तंगूस जोडा आणि कल्ल्यात बोट घालू नका.

खडकावर बसाल तर मागचं पाणी बघत राहा. भरतीत परतीची वाट आधी बुडते. घरी आल्यावर रीळ, गळ, शिसं सगळं गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर आठवड्यात गंज.

प्रश्न : शिंगी मासोळीचा काटा लागला की काय करावं? हळद लावून ठणका जात नाही. (सिंदेवाही)

शिंगीचे विषारी काटे डोक्यामागे दोन्ही बाजूंच्या परांत असतात. ते विष उष्णतेने निकामी होतं. काटा मोडून आत राहिला असेल तर काढा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी दुसऱ्या, धड हाताने तपासा. ठणकणाऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि भाजतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सूज चढत गेली किंवा श्वास लागला तर थांबू नका, दवाखाना गाठा. खाडीतल्या शिंगाळा माशाच्या काट्यालाही हाच उपाय.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी खारं. मग शेततळ्यात समुद्रातली कोळंबी का होऊ नये? (दर्यापूर)

खारेपणा आणि समुद्राचं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी असतं आणि व्हेनामी कोळंबी त्यावाचून कात टाकताना मरते. शेपटीचं मांस पांढरट दिसू लागतं, ती पहिली खूण. पाण्याची क्षारता दर हजारी किती ते मोजून घ्या आणि १०.७ ने गुणा. तेवढे मिलिग्रॅम पोटॅशियम दर लिटरला हवं, म्हणजे क्षारता ४ असेल तर साधारण ४३. एक हेक्टर, एक मीटर खोल तळ्यात एक मिलिग्रॅम वाढवायला सुमारे २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश खत लागतं. तुमच्या पाण्यात पोटॅशियम १० असेल आणि ४३ हवं असेल तर ६६० किलो. आता खर्च तुम्हीच मांडा.

तरी करायचंच असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाला आधी विचारा, मग शंभर लिटरच्या टाकीत तेच पाणी भरून पन्नास पिलं तीन दिवस ठेवून बघा. आणि तळं रिकामं करताना ते पाणी जाणार कुठे हे खणण्याआधी ठरवा. शेजाऱ्याच्या हरभऱ्यात सोडता येणार नाही.