केंद्रातून घरी आल्यावर

प्रश्न : धाकटा भाऊ सुईने गर्द घ्यायचा. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून परवा घरी आला. बरा दिसतो, पण पुन्हा सुरू केलं तर, या धास्तीने आईचा डोळा लागत नाही. तयारी काय ठेवावी?
– एक बहीण, ठाणे

उत्तर : आईंची धास्ती खरी आहे. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडते, ओढ मात्र राहते. पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर अधिकच. पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, हे त्याला न ओरडता सांगा. बाथरूमची आतली कडी काढून टाका, आत बेशुद्ध पडला तर दार उघडता यायला हवं.

छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जाग येत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की १०८ला फोन करा. उताणं झोपवून हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि दर ५ सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. नालोक्सोन या गर्दचा अंमल उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या ०.४ मिलिग्रॅमच्या दोन-तीन कुप्या आणि सिरिंज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधीच आणून ठेवा, टोचायचं कसं तेही शिकून घ्या. एक कुपी मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी. शुद्धीवर आला तरी कुशीवर ठेवून रुग्णालयात न्याच. नालोक्सोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गर्दचा मागे उरतो आणि श्वास पुन्हा बुडू शकतो. मिठाचं पाणी टोचणं, नळाखाली धरणं यांत नुसती मिनिटं जातात.

नुसतं ‘मन घट्ट कर’ म्हणून भागत नाही. सरकारी ओएसटी केंद्रात (गर्दऐवजी पर्यायी औषध देऊन उपचार करणारं केंद्र) ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी परिचारिकेसमोर जिभेखाली, मोफत मिळते. त्याला ती द्यायची का, हे तिथले डॉक्टर तपासून ठरवतील. जवळचं केंद्र १०९७ या एड्स हेल्पलाइनवर कळेल. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना बोलू द्या.

प्रश्न : त्याची जुनी बॅग आवरताना मला सुई टोचली. आता?

उत्तर : बोट दाबून रक्त काढू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. आजच सरकारी रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात जा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. कावीळ ‘ब’ची लस आणि ‘क’ची तपासणी यांबद्दलही तिथेच विचारा. उरलेल्या सुयांना टोपण लावायला जाऊ नका, त्याच वेळी टोचते. झाकणाच्या जाड प्लास्टिक बरणीत टाकून बरणी रुग्णालयात द्या.