सिम टाकून मेसेज पाठवण्यात करिअर असतं का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आमच्या विहिरीवरच्या मोटरीसाठी मोबाईल स्टार्टर केला. अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), सिम८००एल मोडेम (सिम घालून मोबाईल नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि रिले (विजेने चालणारा स्विच). मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू, मेसेज केला की बंद. कॉलेजात छान चालला, मार्कही मिळाले. शेतात मात्र दोन-तीन दिवसांनी गप्प बसतो. मग पप्पांना रात्री विहिरीवर जाऊन पेटी बंद-चालू करावी लागते. जिओचं सिम तर त्यात चालतच नाही. मामा म्हणतात, "सिम टाकून मेसेज पाठवायला काय शिक्षण लागतं? पुण्याला जाऊन जावाचा कोर्स कर." मला हेच काम आवडतं. यात करिअर असतं का? पदवीला कुठली शाखा घेऊ?

उत्तर : मामांचं अर्धं म्हणणं खरं आहे. सिम टाकून मेसेज पाठवायला फार काही लागत नाही, नेटवरून कोड उतरवला की एका दुपारी जमतं. पण तीच पेटी विहिरीवर तीन वर्षं कुणी हात न लावता चालवून दाखव म्हटलं, की भलेभले मागे सरतात. कंपन्या पगार देतात तो या दुसऱ्या कामाचा. तेव्हा "दोन-तीन दिवसांनी गप्प बसतो" हे तू तक्रार म्हणून लिहिलंस, ते मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं. पदवीचं नंतर बघू, आधी ही पेटी गप्प का बसते ते पाहू.

पहिला संशय पॉवरवर घे. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. हा झटका जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो, साध्या मल्टिमीटरवर दिसतसुद्धा नाही. त्यातून सप्लाय अर्डुइनोवरून किंवा स्वस्तातल्या अडॅप्टरवरून घेतला असेल, वर मोटर सुरू होताना लाईनचं व्होल्टेज बसत असेल, तर मोडेम रीसेट होतो आणि तुझ्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही. मोडेमच्या अगदी जवळ हजार मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर लाव आणि सप्लाय वेगळा दे.

दुसरा संशय कोडवर. तू एटी कमांड (मोडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञा) पाठवतेस आणि 'ओके' येईपर्यंत व्हाइल लूपमध्ये, म्हणजे तेच तेच तपासत, थांबतेस, बरोबर? विद्यार्थ्यांच्या दहातल्या आठ प्रोजेक्टांत हेच असतं. पण मोडेम विचारल्याशिवायही बोलतो. कॉल आला की मध्येच 'रिंग' म्हणतो, मेसेज आला की 'सीएमटीआय'ची ओळ टाकतो. तुझं 'ओके' त्या गर्दीत हरवलं की कोड जन्मभर वाट पाहत बसतो. प्रत्येक कमांडला वेळेची मर्यादा हवी, आलेली प्रत्येक ओळ वाचून ती कशाची आहे ते ठरवायला हवं. तीनदा उत्तर नाही आलं तर मोडेमची पॉवर तोडून पुन्हा द्यायची आणि कोड स्वतःच अडकला तर वॉचडॉगने (कंट्रोलर आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरने) त्याला उठवायचं. रात्री पप्पा जे हाताने करतात, ते मशीनने आपलं आपण करायचं.

दर पाच मिनिटांनी नेटवर्कची चौकशीही ठेव. एटी+सीआरईजीला उत्तर ०,१ आलं तर नोंदणी झाली आहे, ०,२ म्हणजे शोधाशोध सुरू आहे, ०,३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. सिग्नलची ताकद सांगणाऱ्या एटी+सीएसक्यूचा आकडा ० ते ३१ मध्ये येतो. ३१ म्हणजे उणे ५१ डीबीएम (सिग्नल मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगला सिग्नल, ० म्हणजे उणे ११३ किंवा त्याखाली, आणि ९९ आलं तर मोडेमलाच सांगता येत नाही. हे सगळं वेळेसकट एसडी कार्डावर लिहून ठेव. आणखी एक गंमत बघशील. एखाद्या दिवशी पेटी बंद-चालू करूनही मेसेज येणार नाहीत. कारण सिमची मेसेजची जागा कंपनीच्या रिचार्ज ऑफरांनी भरलेली असेल! एटी+सीएमजीडीने ती साफ करायची सवय कोडला लाव.

या एटी कमांड हेज कंपनीच्या १९८१ मधल्या टेलिफोन मोडेमपासून चालत आल्या आहेत. त्यांच्यात भर पडत गेली आणि मोबाईलसाठी थ्रीजीपीपीने (मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) त्यांचं रीतसर मानक केलं. ते मानक उघडून वाचायची सवय लाव, कंटाळवाणं आहे पण फुकट आहे. नवीन ४जी मोडेमसुद्धा हीच भाषा बोलतात, त्यामुळे आत्ताची मेहनत वाया जाणार नाही.

जिओचं कोडं सोपं आहे. सिम८०० फक्त २जीवर चालतो आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. तेव्हा पुढचा प्रयोग ४जी कॅट-१ (कमी वेगाच्या, यंत्रांसाठीच्या) मोडेमवर कर. ए७६७०सी किंवा ईसी२००यू बाजारात मिळतात. त्यात मिस्ड कॉल सोडून डेटा वापरून बघ. एपीएन (सिमच्या इंटरनेटची सेटिंग) लाव, एमक्यूटीटीने (यंत्रांनी छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने) मोटरीची स्थिती सर्व्हरवर पाठव, नेट गेलं तर माहिती साठवून ठेव आणि आल्यावर पाठव.

आता काम कुठे आहे? शेतकऱ्यांसाठी मोबाईलवरून पंप चालवायचं यंत्र पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाने कधीच बाजारात आणलं, त्यामुळे तुझी कल्पना नवी नाही. ते चांगलंच आहे, गिऱ्हाईक आहे हे आधीच सिद्ध झालेलं आहे. पण मोठं काम इतर ठिकाणी आहे. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट धरलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच मीटरांत सिम बसतं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या वाहन मानकाचं ट्रॅकिंग यंत्र लागू झालं. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे आणि गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या कंपन्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात. सरकारी योजनेतल्या सौर पंपांच्या कंट्रोलरलाही दूरवरून देखरेखीची सोय द्यावी लागते. मशीनच्या सिमांना २०१८ पासून १३ आकडी नंबर द्यायला सुरुवात झाली, यावरून त्यांचा पसारा लक्षात येईल.

जाहिरातीत मात्र 'मोडेम इंजिनिअर' शोधू नकोस, क्वचितच दिसेल. एम्बेडेड (यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरचं काम), फर्मवेअर (त्यातला कोड), टेलिमॅटिक्स (वाहनांची माहिती दूरवर पाठवणं), आयओटी, फील्ड ॲप्लिकेशन, व्हॅलिडेशन या नावांखाली हेच काम असतं. स्पष्ट सांगतो, सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर कंपनीत लागलेल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो, आणि पहिली एक-दोन वर्षं डीपीखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसावं लागेल. ते नको असेल तर मामांचा सल्ला वाईट नाही. या यंत्रांचा सर्व्हर लिहायलाही कुणीतरी लागतंच.

शाखेचं म्हणशील तर डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घे, ई अँड टीसी किंवा इलेक्ट्रॉनिक्सला. कॉम्प्युटरला मिळालं तरी रडू नकोस, फक्त हातातली सोल्डरिंग गन सोडू नकोस. सी भाषा पक्की कर. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाक, यूएसबी डोंगल लावून मोडेममॅनेजर हा प्रोग्राम त्याला कसा ओळखतो ते बघ. पदवीनंतर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा एम्बेडेड सिस्टीमचा पीजी डिप्लोमा चांगला पर्याय आहे, पण डिप्लोमावर तिथे प्रवेश मिळत नाही. म्हणून पदवी टाळू नकोस.

मुलाखतीला प्रोजेक्टचं प्रमाणपत्र दाखवशीलच, पण त्याबरोबर एसडी कार्डावरची दोन महिन्यांची नोंद घेऊन जा. कुठल्या रात्री सिग्नल किती होता, मोडेम किती वेळा पडला, आपोआप किती वेळा उठला. समोरचा माणूस या धंद्यातला असेल तर पुढचा अर्धा तास तो त्याच कागदावर बोलेल.

आणि एक काम याच आठवड्यात कर, करिअरशी त्याचा संबंध नाही. पेटीत 'हाताने' आणि 'मोबाईल' असा साधा सिलेक्टर स्विच बसव, आणि कोडमध्ये फक्त घरच्या नंबरांनाच मोटर सुरू करू दे. पप्पा फुटव्हॉल्व्ह बघायला विहिरीत उतरलेले असताना घरून कुणाचा तरी मिस्ड कॉल गेला, असं व्हायला नको. स्विच 'हाताने'वर टाकल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.