पौलापासून सुरुवात करताय? जरा दमानं घ्या

सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्माचा अभ्यास पौलापासून, म्हणजे बायबलच्या नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रचारकापासून, सुरू करत असाल, तर त्याच्या गलतीकरांस पत्र ३:२८मधलं ‘यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद नाही’ हे वाचून ‘पौलानं सगळे भेद मोडले’ असं लगेच लिहू नका. शेजारी त्याचंच करिंथकरांस पहिलं पत्र १२:१३ उघडून ठेवा. यहूदी-हेल्लेणी आहेत, दास-स्वतंत्र आहेत, स्त्री-पुरुष ही जोडी मात्र गायब! त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या बाईनं डोकं झाकावं असा आग्रह. (म्हणजे बायका प्रार्थना करत होत्या, हेही कळलं.) पौलानं यहूदीपण टाकून दिलं, असंही गृहीत धरू नका, रोमकरांस पत्रात तो स्वतःला बन्यामीन वंशातला इस्राएली म्हणवतो.

पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक ख्रिसोस्तोमची इ.स. ३८६-३८७ची अंत्युखिया (अँटिओक) शहरातली प्रवचनं वाचाल. यहूद्यांबद्दलची भाषा विखारी आहे, मन घट्ट करून वाचा. पण त्याचा खरा राग कोणावर? यहूद्यांच्या सणांना सभास्थानात (त्यांच्या प्रार्थनागृहात) जाणाऱ्या आपल्याच ख्रिस्ती श्रोत्यांवर.