खाड्याची ओळ

"मॅडम, पोरगी चित्रं चांगली काढते, ते मान्य. पण आता तिला चित्रंच काढायची नाहीत म्हणते. मग एवढी वर्षं आम्ही रंगाला पैसे घातले ते कशाला?"

मी करिअर समुपदेशक, आणि बोलत होते ते एसटीतले कंडक्टर. ड्युटी संपवून इचलकरंजीहून थेट माझ्याकडे आलेले, खाकी शर्ट तसाच अंगावर. शेजारी त्यांची बायको, कांडी मशीनवर (मागासाठी सूत गुंडाळायच्या यंत्रावर) काम करणारी, केसांच्या कडेला सुताचा बारीक कापूस अडकलेला. दोघांच्या मध्ये मुलगी. तिचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. घरी तिला सगळे ताई म्हणतात, इथेही ताईच म्हणू.

ताई चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला 'कम्युनिटी आर्ट' (लोकांना सोबत घेऊन केलेली कला) आणि 'क्युरेटिंग' (प्रदर्शनाची निवड आणि मांडणी) करायचं होतं. अशी मुलं आता माझ्याकडे अधूनमधून येतात, आणि पालकांचा प्रश्न शब्दाचाही फरक न होता तोच असतो: ही नोकरी आहे की समाजसेवा?

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधी सांगून टाकते. कलाशाखेचं मूल समोर आलं की माझ्या डोक्यात एक ठरलेली वाट तयार असते: एटीडी आणि डिप ए एड या कलाशिक्षणाच्या पदविका, मग शाळेत कलाशिक्षक. तीच मी कागदावर काढून दिली. वडील खूश झाले. ताईने कागदाची नीट घडी घातली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि गप्प बसली. त्या घडीवरूनच मला कळायला हवं होतं. कलाशिक्षकाच्या जागा निघतात किती आणि भरल्या जातात किती, हे मला ठाऊक असूनही मी ती वाट 'सुरक्षित' म्हणून पुढे केली होती.

आठवड्याने ती एकटीच लॅपटॉप घेऊन आली. "तुम्ही विचारलंच नाही मी काय केलंय ते," म्हणाली. खरं होतं.

यंत्रमागाच्या खात्यात खडखडाट एवढा असतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. ताईने आईच्या ओळखीने कांडीवाल्या बायकांना भेटायला सुरुवात केली आणि सहा महिन्यांत त्या खुणा गोळा केल्या. सूत तुटलं, चहा आला, पोराला ताप आहे, आज पगार नाही. प्रत्येक खूण कोळशाने मोठ्या कागदावर काढली आणि गल्लीतल्या गणेश मंडळाच्या हॉलमध्ये लावली. मला दाखवलेल्या एका फोटोत एक बाई चित्रासमोर उभी राहून हात हलवतेय आणि ताई खडूने दुरुस्ती करतेय. "मी 'चहा' म्हणून काढलं होतं," ताई हसत म्हणाली, "मावशी म्हणाल्या, अगं हे चहा न्हाई, 'जॉबर आला, गप बसा' हाय." जॉबर म्हणजे माग चालू ठेवणारा, देखरेख करणारा माणूस. पुढचे दोन तास कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर यावरून बायकांचा वाद चालला. पगाराची खूण दारासमोर हवी, हे त्यांनीच ठरवलं.

"मला हे करायचंय," ताई म्हणाली. "माझी चित्रं लावायची नाहीत, हा वाद घडवून आणायचाय."

पुढच्या भेटीला मी तिघांनाही बोलावलं. संग्रहालयातल्या क्युरेटरला आपल्या सरकारी मराठीत 'अभिरक्षक' म्हणतात, आणि मूळ लॅटिन शब्दातही काळजी घेणं हाच अर्थ आहे, वगैरे मी सांगू लागले. आईने मध्येच तोडलं. "म्हंजे जॉबरच की. सोता इनत न्हाई, पण तो नसला की समदे माग बंद." माझी व्याख्या मी तिथेच सोडून दिली.

वडिलांची भीती मात्र व्याख्येने जाणारी नव्हती. जरा खोदल्यावर म्हणाले, "आमचे वडील कलापथकात ढोलकी वाजवायचे. आज ह्या गावात, उद्या त्या. लोक टाळ्या द्यायचे. आणि आमची आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची." मी अशा पालकांना जुनाट समजण्याच्या विरोधात आहे. कलेपायी घरातल्या बाईने उन्हात राबणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून आम्ही पैसा कुठून येतो तेच बघितलं, आणि हाच भाग मी इतर पालकांसाठी जरा सविस्तर लिहिते. या कामाला एक मालक आणि एक पगार क्वचितच असतो. एकाच माणसाचे वेगवेगळे तास वेगवेगळी मंडळी विकत घेतात. काही तास संग्रहालयं घेतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांत फिरते. अशा कामाला वस्तू समजावून सांगणारी आणि मुलांशी बोलू शकणारी माणसं लागतात. काही तास आरोग्याचं किंवा शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्था घेतात, आणि हे पालकांच्या लक्षातच येत नाही. २०१५ साली धारावीत 'अ‍ॅली गल्ली बिएनाले' (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) भरलं, ते भरवलं आरोग्यावर काम करणाऱ्या 'स्नेहा' या संस्थेने, ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या मदतीने. वस्तीतल्या लोकांनी कलाकारांबरोबर बसून आरोग्याच्या प्रश्नांवर कलाकृती केल्या. त्यातल्या कलाकारांचं काम आरोग्याच्या निधीतून झालं.

मग अनुदानं. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ साली सुरू झालं. तिथे प्रस्ताव भारतीय भाषेत लिहिला तरी चालतो, हे ऐकून ताईचा चेहरा उजळला, कारण इंग्रजी अर्जांना ती सर्वांत जास्त घाबरत होती. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या यादीत कला-संस्कृतीही बसते. पण ओळख नसलेल्या विशीतल्या मुलीला तिथून पैसे मिळतील असं मी कुणालाही सांगत नाही. शिकायचंच असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास आणि संग्रहालयशास्त्र दोन्ही आहेत. कोचीच्या बिएनालेत विद्यार्थ्यांसाठी २०१४ पासून वेगळं बिएनाले भरतं. ते मूळ बिएनाले सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले, हे मी मुद्दाम वडिलांना सांगितलं. त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही.

परिणाम झाला तो पारडसिंग्याचा. नागपूरहून जवळ, मध्य प्रदेशच्या हद्दीतलं हे गाव. नागपूरच्या श्वेता भट्टड तिथे गावकऱ्यांबरोबर 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' चालवतात. गावातल्या बायका देशी कापसाच्या सुतात बिया गुंफून राख्या करतात, त्या विकल्या जातात, राखी मातीत पुरली की रोप येतं. "राखी विकतात होय," वडील म्हणाले. विकणं हा शब्द त्यांना ओळखीचा होता.

तेवढ्यावर थांबले असते तर ही एक साधी माहिती देण्याची बैठक झाली असती. पण मी ताईला एक काम दिलं होतं: खुणांच्या प्रदर्शनाचा पुढचा टप्पा करायचा तर किती खर्च येईल, तो मांडून आण. आता फक्त चित्रं नकोत, बायकांचे आवाज आणि छोटे व्हिडिओही हवेत असं तिचं म्हणणं होतं. तिने सुबक तक्ता केला होता. छपाई, हॉलचं भाडं, फोटोग्राफर, ध्वनिमुद्रण, चहा-नाश्ता, प्रवास. एकूण ६२,००० रुपये.

वडिलांनी चष्मा लावला. तीस वर्षं वेबिल (कंडक्टरचा तिकिटांचा हिशोब) भरलेला माणूस, त्यांचं बोट प्रत्येक ओळीवरून खाली आलं आणि एका ठिकाणी थांबलं. 'संयोजकाचे मानधन' असं लिहिलेलं होतं आणि पुढचा रकाना कोरा.

"हे काय?"

"ते माझं. नंतर बघू म्हटलं. पहिलंच काम आहे ना."

"आमच्या हिशोबात रुपया कमी आला तर आमच्या खिशातनं जातो," वडील म्हणाले. "तू तर गाडी सुटायच्या आधीच खिशातनं द्यायला लागलीस."

मी इतकी वर्षं या कोऱ्या रकान्याबद्दल मुलांना समजावतेय. एवढं नेमकं मला कधी जमलं नव्हतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "आनि बायकांचं?" ताईने चहा-नाश्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. आईने मान हलवली. "च्या काय करायचा? तुझ्याफुडं दोन तास बसलं की तेवढ्या कांड्या ऱ्हातात. त्यांचा खाडा कोन भरनार? मागच्या येळंला कुनी बोललं न्हाई, कारन तू माझी पोरगी."

ताईचे कान लाल झाले. सहा महिने ती ज्या खुणा गोळा करत होती, त्यात 'आज पगार नाही' ही खूण होती, आणि त्या खुणेमागे काही अंशी ती स्वतःही उभी होती. या क्षेत्रातली ही खरी अडचण मला त्या दिवशी कळली. लोकांच्या वेळेवर ही कला उभी राहते, आणि तो वेळ हिशोबात धरायचा राहून जातो. कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी छत्तीसगडच्या बस्तरमध्ये कोंडागावच्या स्थानिक कलाकारांबरोबर हातपंपांभोवती 'नळपार' बांधले, तेव्हा बायकांना भरलेली घागर उचलताना फार वाकावं लागू नये म्हणून ती टेकवायला कट्टे ठेवले. बघायला शिल्प आणि रोजच्या कंबरेला आराम. ते काम काही महिन्यांत उरकलेलं नाही, त्या तिथे वर्षानुवर्षं जात राहिल्या. मी ताईला त्याचे फोटो दाखवले. तिने बराच वेळ ते कट्टेच बघितले.

मग आम्ही वाट आखली. आठवड्याचे तीन दिवस एका शैक्षणिक संस्थेत ठरलेल्या मानधनावर काम, उरलेल्या दिवसांत स्वतःचा प्रकल्प, दीड वर्षाची मुदत. घरी दरमहा ३,००० रुपये द्यायचे, हा वडिलांचा आग्रह. मला तो योग्य वाटला. अनुदानाचा शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावरच येतो आणि बिलातून टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) वजा होतो, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च आधी बाजूला हवा, हे मी सांगितलं. ताईला त्या दीड वर्षात एक गोष्ट तपासायची होती: पंधरा माणसांची तक्रार ऐकून, बैठक पुन्हा पुढे ढकलली गेल्यावरही तिसऱ्या दिवशी तिला जावंसं वाटतं का. चित्र काढणाऱ्या सगळ्यांना ते वाटत नाही, आणि तसं झालं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक वर्ष होत आलंय. तीन दिवसांचं काम टिकलंय. पहिले दोन प्रस्ताव नाकारले गेले, तेव्हा ती माझ्याकडे येऊन रडली. तिसऱ्याला अर्धवट होकार आला: मागितले ८४,००० आणि मंजूर झाले ६०,०००, काय कापायचं ते तुम्ही ठरवा. मधल्या काळात निधी देणाऱ्यांनी मेलवर विचारलं होतं, हे 'खाडा' म्हणजे नेमकं काय? ताईने त्याचं अर्धा पान उत्तर मराठीतच लिहिलं.

परवा रात्री वडिलांचा फोन आला. मागे एसटी स्टँडचा गलका.

"मॅडम, बसलो आम्ही हिशोबाला. पोरीचं मानधन ठेवलं. बायकांच्या खाड्याची ओळ ठेवली. फोटोग्राफर कापला." मग जरा थांबून, "तिची आई म्हणते, फोटो मोबाइलवर मी काढीन."