खानापूरकडच्या कौलारू घराला चोरी-अलार्म बसवताना फक्त दारांचे सेन्सर पुरतील का?

नाही, पुरणार नाहीत; कौले काढून माळ्यावरून उतरणारा चोर दारांच्या चुंबकीय सेन्सरना कळतच नाही, म्हणून माजघरात एक पीआयआर सेन्सर (माणसाच्या अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) हवाच. या भागात मी वायरिंगची कामे करतो, त्या अनुभवावरून सांगतो: पीआयआर सुमारे 7 फूट उंचीवर, कोपऱ्यात बसवावा आणि त्याचे तोंड चूल, समई किंवा उन्हाच्या खिडकीकडे नसावे, कारण तो उष्णतेतील हालचाल टिपतो, समोरून आडवा जाणारा माणूस त्याला सर्वांत लवकर कळतो. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून पॅनेलला (अलार्मच्या मुख्य पेटीला) 12 व्होल्टची बॅटरी जोडावीच. मात्र लाकडी दारे पावसात फुगून दारांच्या सेन्सरमधले चुंबक आणि स्विच यांतील अंतर बदलते व अलार्म विनाकारण वाजू शकतो, म्हणून ते अंतर पावसाळ्यात पुन्हा तपासावे.