कपाशीच्या पैशातून कपबश्या?

ताई, नमस्कार.

आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा, सहा एकर कोरडवाहू कपाशी-तूर, चुकाऱ्यांतून साठवलेली साडेतीन लाखांची एफडी जूनमध्ये सुटणार. त्यातले दोन लाख जेसी टेट या इंग्लिश डिझायनरबाईंच्या हातरंगी कपबश्यांत घालावेत का, असं तुम्ही विचारता. काही ऑनलाइन घेणार, काही लंडनची भाची आणणार. तिकडच्याच क्लॅरिस क्लिफ या डिझायनरबाईंच्या भांड्यांना आज भाव आहे, उद्या टेटबाईंना येईल आणि निवृत्तीची सोय होईल, हे तुमचं गणित.

आवड अस्सल आहे. इंग्लंडमधल्या बर्सलेमच्या मिडविंटर या चिनीमातीच्या कारखान्यातल्या या पगारी डिझायनरची 1956 ची 'झांबेझी' नक्षी मलाही भुरळ घालते: पांढऱ्यावर झेब्र्यासारखे काळे पट्टे, कपाच्या आत लाल. त्याच कारखान्यासाठी मोजकीच नक्षी काढलेले डिझायनर टेरेन्स कॉन्रन पुढे जगभर गाजले, बाई मागे राहिल्या. तुमची हळहळ रास्त आहे, पण हळहळीनं भाव चढत नाही. क्लिफबाईंचं 1972 साली ब्रायटनला प्रदर्शन भरलं, पुढे संग्राहकांचा गोतावळा वाढला. टेटबाईंचंही तसंच होईल, या भरवशावर म्हातारपण टांगू नका. शिवाय नक्षी त्यांची असली तरी कुंचला कारखान्यातल्या बायकांचा, आणि माल दुकानांसाठी केलेला.

तुमची नेमणूक 2007 ची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. धाकट्याचं इंजिनिअरिंग तोंडावर. आणि पैसे हाती येतात तेही नेमके जूनमध्ये! बियाणं, खत, निंदण, फवारणी. सीतादहीपर्यंत, म्हणजे कापूस वेचणीच्या पूजेपर्यंत, शेताकडून घरात छदाम येत नाही. पेरणी उलटली की दुबार बियाण्याला रोख लागते, आणि कृषी केंद्रवाला बशी ठेवून घेत नाही. माझ्या वडिलांना सावकाराच्या ओट्यावर ताटकळताना पाहिलंय, म्हणून इथं जरा कडक लिहितोय.

विकायचं म्हटलं तर आर्वीत काय, नागपुरातही गिऱ्हाईक शोधावं लागेल. तिकडच्या लिलावात विकणाऱ्याचं कमिशन कापतात, घेणाऱ्याकडूनही बोलीच्या वर अधिभार घेतात. पार्सलनं मागवलं तर पोस्टेज, कस्टम ड्युटी, आयातीवरचा आयजीएसटी हा कर वेगळे. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. फोटोला टिचकी कशी मारणार? आणि केसाएवढी चीर निघाली तरी भाव कोसळतो.

म्हणून एफडीच्या रकमेला हात लावू नका. साडेतीन लाखांच्या पन्नास-पन्नास हजारांच्या सात पावत्या करा, म्हणजे अडचणीत एकच मोडावी लागेल. हौसेला वर्षाला पंधरा हजार, तेही दिवाळीनंतर चुकारे हाती आल्यावर. त्याला गुंतवणूक म्हणू नका, वहीत सणखर्चाशेजारी लिहा.

भाचीला यंदा एकच कपबशी आणायला सांगा, दुकानात हातात घेऊन पाहिलेली. काठावरून नख फिरवून बघ म्हणावं. टवका बुजवून वरून रंगवला असेल तर तो बहुधा नखाला लागतो.