मानेची गादी झिजलीय, फ्यूजन परवडेल की कृत्रिम डिस्क?

ताई, तुमच्या मिस्टरांचं वय ४२, मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली (सी५-सी६) गादी झिजलेली. एक डॉक्टर फ्यूजन (मणके जोडणं) म्हणतात, दुसरे कृत्रिम डिस्क, आणि जास्तीचे पैसे वसूल होतात का, हा तुमचा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी लातूरच्या मोंढ्यात, आडतीच्या गादीवर बसून मी हाच हिशेब माझ्या मानेसाठी मांडला होता. उजवा अंगठा बधिर झालेला, नोटा दोनदा मोजल्या तरी आकडा जुळायचा नाही.

दोन्ही अंदाजपत्रकांत खोली, भूल, सर्जनची फी जवळपास सारखी होती. फरक ‘इम्प्लांट’ म्हणजे मानेत बसवायच्या वस्तूच्या एकाच ओळीत, सव्वा लाखाचा. त्या ओळीवर बोट ठेवून मी डॉक्टरांना विचारलं, एवढ्यात मला जास्तीचं काय मिळणार?

फ्यूजनमध्ये खराब गादी काढून दोन मणके जोडून टाकतात. दुखणं जातं, पण तिथली हालचाल थांबते आणि शेजारच्या गाद्यांवर ताण वाढतो असं मानतात. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षाला साधारण ३ टक्के रुग्णांना शेजारच्या गादीचा त्रास सुरू झाला. सगळ्यांनाच पुन्हा ऑपरेशन लागतं असं नाही, पण लागलं तर सगळा खर्च दुसऱ्यांदा. खराब गादीच्या जागी बसवलेली कृत्रिम डिस्क हालचाल राखते. म्हणजे सव्वा लाख जातात ते दुसरं ऑपरेशन टळण्याच्या आशेवर, आणि माणूस जितका तरुण तितकी ती आशा फळायला हाताशी वर्षं जास्त. तिकडचे अभ्यासक चांगल्या तब्येतीच्या एका वर्षामागे किती खर्च पडला ते मोजतात, त्यात कृत्रिम डिस्क बऱ्याचदा परवडणारी ठरलीय. त्यांचे डॉलरमधले आकडे मात्र आपल्या बिलाला लावू नका.

मी तेव्हा ५६ चा. मणक्यांचे मागचे सांधेही झिजलेले, अशा मानेत कृत्रिम डिस्क बसवत नाहीत. मी फ्यूजन केलं आणि सोयाबीनच्या हंगामाला आडतीवर होतो. तुमच्या मिस्टरांचे मागचे सांधे आणि हाडं चांगली असतील, तर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ आहे. कर्ज काढून मात्र नको, फ्यूजन काही कमअस्सल नाही.

तिसरा पर्याय कुणी आपणहून सांगत नाही, तो विचारा. मानेच्या मागून दबलेली नस मोकळी करायची, फोरामिनोटॉमी. त्यात इम्प्लांटच नाही. नस बाजूला दबलेली असेल तरच जमतं. २०२३ च्या नेदरलँड्सच्या अभ्यासात एका वर्षानंतर हा पर्याय फ्यूजनपेक्षा कमी पडला नाही.

जनआरोग्य योजनेत बसवणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पॅकेजमध्ये कोणतं इम्प्लांट येतं ते आधी विचारून घ्या.

आणि नुसता हातच दुखत असेल तर घाई नको, बऱ्याच जणांचं दुखणं औषध-फिजिओने काही आठवड्यांत उतरतं. पण शर्टाची बटणं लागेनाशी झाली किंवा चालताना तोल जायला लागला, तर मज्जारज्जू दबत असू शकतो. मग हिशेब बाजूला ठेवून त्याच आठवड्यात सर्जन गाठा.